ऐनवेळचा विषय

"काका, ठराव कोणी मांडला ते कुठं लिहिलेलं असतं?"

प्रश्न माझा नव्हता. नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर बसून माझ्या मैत्रिणी दुर्गी आणि नझमीननं तो तयार केला होता आणि विचारायला मला पुढं ढकललं होतं. दुर्गीचं म्हणणं, नववी 'ब'ची वर्गमंत्री झाल्यापासून तू सगळ्यांना दम देत फिरतेस, शाळेच्या शिपायालाही सोडत नाहीस, तर आता इथं तोंड उघडून दाखव. नाही विचारलंस तर महिनाभर माझं दप्तर उचलायचं. मी म्हटलं, त्यात काय एवढं. माझी आई नगरसेविका आहे. हे ऑफिस म्हणजे आपलं घरच.

आता मी बारावीत आहे. या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली, तरी ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

सभा विभागात पाठराबे काका जेवणाचा डबा धुऊन पुसत बसले होते. चष्मा कपाळावर, कानामागे पेन. त्यांनी मला लगेच ओळखलं. "शशीभाऊंची पोरगी ना तू?" मी हो म्हटलं. नगरसेविका आई होती, पण मोरखडीत मला सगळे शशीभाऊंचीच पोरगी म्हणायचे आणि तोवर मला त्यात काही खटकलं नव्हतं.

"कुठला ठराव पाहिजे तुला?"

"क्रमांक चौदा. जकात नाक्याचा."

आमच्या गावात स्टेशनकडं वळताना उजव्या हाताला एक बसकी दगडी इमारत आहे. पूर्वी तिथं मालाच्या गाड्या अडवून जकात घ्यायचे. जकात बंद झाली, नाका ओस पडला. मग आधीच्या नगराध्यक्षांनी तिथं दोन ट्यूबलाइट, चार लांब बाकडी आणि एक पाण्याचा माठ ठेवून मुलींची अभ्यासिका केली. नझमीन तिथं रोज सकाळ-संध्याकाळ बसायची. ती माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठी, दहावीत. तिच्या अब्बूंचा गाद्या भरायचा धंदा, आणि कापूस पिंजायचं मशीन घरातच. घर म्हणजे एक मोठी खोली. त्यात मशीन, कापूस आणि सात माणसं. मशीन सुरू झालं की बोललेलं ऐकू येत नाही, आणि कापूस असा उडतो की वही उघडी ठेवली तर अक्षरं दिसेनाशी होतात. अब्बूंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, पंच्याहत्तर टक्के पडले तर अकरावी सायन्स, नाही तर गाद्यांना टाके घालायला बसायचं. ते वाईट नव्हते. त्यांना दोन हात कमी पडत होते, एवढंच.

आणि त्या सोमवारी सकाळी नाक्याला कुलूप होतं. दारावर कागद होता. इमारत ठराव क्रमांक चौदा अन्वये वज्र व्यायाम मंडळास व्यायामशाळेसाठी देण्यात आली आहे. खाली शिक्का. वज्र मंडळ म्हणजे कोण हे सगळ्या गावाला माहीत होतं. नगराध्यक्ष डोईफोडे अण्णांच्या पुतण्याच्या टोळीतली पोरं. निवडणुकीत गाड्या उडवायला हीच असायची.

पाठराबे काकांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. लाल कापडाची बांधणी, कोपरे झिजलेले. थुंकी लावून पानं उलटली आणि वही माझ्याकडं फिरवली. ते खुशीत होते. शाळेतली मुलं नागरिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी येतात तसंच त्यांना वाटलं असणार.

"हे बघ. हा ऐनवेळचा विषय होता. म्हणजे काय, की विषयपत्रिकेत नसतो, सभा संपता संपता अध्यक्षांच्या परवानगीनं घेतात. लिहून घे. जो ठराव मांडतो तो सूचक. जो त्याला पाठिंबा देतो तो अनुमोदक."

मी लिहून घेतलं नाही. मी वाचलं. जुना जकात नाका ही इमारत विनावापर पडून असल्याने... पुढं चार ओळी. मग, सूचक: सौ. कुंदा शशिकांत खडतकर. सर्वानुमते मंजूर.

माझी आई.

नझमीन माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं बोट ठेवून ती ओळ दोनदा वाचली. आईच्या नावावर नाही, 'विनावापर'वर तिचं बोट थांबलं.

"मग मी कोण होते तिथं?" ती म्हणाली. कोणाला विचारलं कळलं नाही. तिनं दप्तर उचललं आणि निघाली. दुर्गी तिच्या मागं. पायऱ्या उतरताना दुर्गीनं वळून माझ्याकडं बघितलं, आणि पैज मी जिंकले होते तरी ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

घरापर्यंत सायकल कशी चालवली मला आठवत नाही. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे जनसंपर्क कार्यालय. बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, दोन पंखे. दारावर फ्लेक्स, त्यावर आईचं नाव मोठं आणि पप्पांचा फोटो मोठा. आईचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. खाली आईचा म्हणून जो मोबाइल नंबर होता तो पप्पांचाच. आमचा वॉर्ड महिला राखीव झाला म्हणून पप्पांनी आईला उभं केलं होतं. निवडून आल्यावर पेढे त्यांनी वाटले. आई त्या खोलीत कधी बसायची नाही. पडद्यापर्यंत चहाचा ट्रे आणायची, पडद्याआडून तो पप्पा घ्यायचे.

आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. मी चपलांसकट आत गेले.

"तू जकात नाका का देऊन टाकलास?"

"कुठला नाका?"

मला वाटलं ती वेड पांघरतेय. मग मी जे सुटले ते सुटलेच. नझमीनबद्दल बोलले, कापसाबद्दल बोलले, मैत्रिणींसमोर माझी कशी नाचक्की झाली ते बोलले. वर्गातल्या वक्तृत्वाची सगळी हत्यारं मी आईवर काढली. महिन्यातून एकदा कडक इस्त्रीची साडी नेसून सभेला जातेस ती कशाला जातेस, असं विचारलं. समोसे खायला का, असंही विचारलं. ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

आईनं गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच ठेवली.

"तारीख काय होती त्या सभेची?"

"सव्वीस जुलै."

ती माझ्याजवळ आली, माझा डावा हात धरला आणि कोपरातून सरळ केला. तो पूर्ण सरळ होत नाही, अजूनही होत नाही.

"सव्वीस जुलैला आपण दोघी कुठं होतो?"

सव्वीस जुलैला मी सायकलवरून पडले होते. आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात होतो, सकाळपासून रांगेत. प्लास्टर होऊन घरी यायला संध्याकाळचे सात वाजले होते. आई सभेला गेलीच नव्हती.

मग सही कोणाची, असं मी विचारलं. आईनं परातीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेचा शिपाई हजेरीपुस्तक घेऊन घरी आला होता, ती म्हणाली. नेहमीच येतो. जो सदस्य सभेला नसतो त्याची सही घरी येऊन घेतात, म्हणजे किमान हजेरीची गणसंख्या भरायला अडचण नको. "मी कणीक मळत होते. हात पुसला आणि सही केली. शिपाई म्हणाला, इथं इथं वहिनी." ती परातीच्या कडेचं पीठ पुसू लागली. "सही माझीच आहे, शर्वू. ती खोटी नाही."

मला तिची दया यायला पाहिजे होती. मला आणखी राग आला. दवाखान्यात माझ्या हातासाठी डॉक्टरांशी भांडणारी बाई पुस्तक न वाचता सही कशी करते, हे मला समजतच नव्हतं.

संध्याकाळी पप्पा आले तेव्हा आईनं त्यांना चहाबरोबरच विचारलं, माझं नाव कोणी घातलं. पप्पा म्हणाले, ऑफिसनं घातलं असेल, कोणाचं तरी घालावंच लागतं. पाठराबेला विचारतो. मग आम्हा दोघींकडं बघून हसले आणि म्हणाले की राजकारणात अशी नावं येतात-जातात, एवढं मनावर घ्यायचं नसतं. अण्णांनी आपल्या वॉर्डात नाली करून दिली, पथदिवे दिले, त्यांना एका खोलीसाठी नाही म्हणायचं का? पोरींनी घरी अभ्यास करावा. आमच्या वेळी कुठं होत्या अभ्यासिका?

आई उठून पुढच्या खोलीत गेली. तिला तिकडं जाताना मी पहिल्यांदाच बघत होते. येताना तिच्या हातात पुढच्या सभेची विषयपत्रिका होती. दोन दिवसांपूर्वी आली होती, पाकीट फोडलेलं नव्हतं.

"गुरुवारी सभा आहे. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. इतिवृत्त म्हणजे झालेल्या कामाची नोंदच ना? वाचून लिहिलंय. म्हणजे वाचतात. मी तेव्हा सांगते की हे चूक आहे."

पप्पांनी बशीत चहा ओतला. "कोण वाचतंय," ते म्हणाले.

गुरुवारी मी शाळा बुडवली. नझमीनच्या घरी जाऊन तिला म्हटलं, चल. ती येत नव्हती. तुझ्या आईची सभा तू बघ, म्हणाली. तिच्या केसांत, भुवयांवर कापूस होता. मी तिला सव्वीस जुलैचं सगळं सांगितलं, दवाखान्याची फाईल दाखवली. ती कापूस झटकून आली.

सभागृहात मागच्या बाजूला चार पायऱ्या चढून एक कठडा आहे, तिथं प्रेक्षकांनी बसायचं. आम्ही दोघीच होतो. खाली एकोणीस खुर्च्या. पुढच्या दोन रांगांत पुरुष, शेवटच्या रांगेत खिडकीकडं बायका. आईच्या शेजारी पार्वताबाई इंगोले, सत्तरीच्या, मोठं कुंकू, पाय खुर्चीवर घेऊन बसलेल्या. आणि दाराबाहेरच्या व्हरांड्यात पाच-सहा पुरुष उभे होते. या बायकांचे नवरे, मुलगे, एकीचा दीर. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ते दारातून बघायचे. पप्पा सगळ्यात पुढं होते.

डोईफोडे अण्णांनी माइकवर टिचकी मारली.

"विषय क्रमांक एक. मागील इतिवृत्त. वाचलं असं समजायचं का?"

"समजायचं," पुढच्या दोन रांगा म्हणाल्या.

"कायम. विषय क्रमांक दोन, कोंडवाड्याच्या फाटकाची दुरुस्ती."

एवढंच. शिंक यायला लागतो तेवढा वेळ. आई उभी राहिली होती, पण ती उभी राहीपर्यंत कोंडवाडा आला होता. मला वाटलं ती आता बसणार. ती बसली नाही. फाटक मंजूर झालं. स्मशानभूमीतला नळ मंजूर झाला. डासांची फवारणी मंजूर झाली. आई शेवटच्या रांगेत हातात विषयपत्रिकेची गुंडाळी घेऊन तशीच उभी. शिपायानं येऊन विचारलं, पाणी पाहिजे का. तिनं मान हलवली. दारातून पप्पा तळहात खाली-वर करत होते, बस, बस.

चौथा विषय संपल्यावर अण्णांची नजर गेली.

"वहिनी, बसा की. काय झालं?"

"विषय एक," आई म्हणाली. तिच्यासमोर माइक नव्हता. शेवटच्या रांगेला माइक नसतातच. "ठराव चौदामध्ये सूचक म्हणून माझं नाव आहे. मी त्या दिवशी गावात नव्हते."

"वहिनी, तो विषय झाला. कायम झाला."

"वाचला नाही."

पुढच्या रांगेतला एक जण खुर्चीत वळून हसला. अण्णांच्या शेजारी मुख्याधिकारी बसले होते, नवीन, तरुण, चष्मेवाले. ते अण्णांच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. बहुतेक नियम सांगत असावेत, कारण अण्णांचा चेहरा आंबला. त्यांनी पाठराबे काकांना बोलावलं आणि हा काय घोळ आहे म्हणून विचारलं.

पाठराबे काका लाल वही पोटाशी धरून उभे राहिले. शाळेच्या मुलांना सांगावं तितक्याच साधेपणानं त्यांनी सांगितलं.

"साहेब, घोळ नाही, पद्धत आहे. ऐनवेळच्या विषयांना सूचक कोणी होत नाही, पुढं चौकशी लागते म्हणून. तर ती नावं आम्ही नंतर मागच्या रांगेतल्या वहिनींची घालतो, पाळीनं. पंधरा वर्षं चाललंय. त्या काही म्हणत नाहीत."

कोणी हसलं नाही. कोणी रागावलंही नाही. बायकांच्या रांगेत दोघी-तिघींनी एकमेकींकडं बघितलं. पंधरा वर्षांत जेवढ्या जागा गेल्या, जेवढी मैदानं गेली, त्या सगळ्यांखाली अशाच कोणाच्या तरी आईचं नाव असणार, हे मला तिथं कठड्यावर कळलं.

"आणि हे नाव तर शशीभाऊंनीच फोनवर सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. आता ते हसत होते. "आमच्या हिचं टाका म्हणाले, पाळी कशाला बघता. दारातच उभे आहेत, विचारा ना वहिनी."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. पप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसायला लागले. बाकीचे नवरे त्यांच्यापासून अर्धं पाऊल मागं सरकले.

आईनं दाराकडं बघितलंच नाही.

"माझं नाव काढा," ती म्हणाली. "आणि इमारत विनावापर नव्हती. तिथं मुली बसत होत्या. त्यातली एक वर बसलीय."

अण्णांनी वर बघितलं. नझमीन उठून उभी राहिली. तिला कोणी उठायला सांगितलं नव्हतं. ओढणीला कापूस चिकटला होता तो तिनं काढला आणि मुठीत धरला.

"ते इमारतीचं नंतर बघू," अण्णा म्हणाले. "पाठराबे, वहिनींची नाराजी नको. नाव काढून टाका."

"मग सूचक कोण, साहेब?"

"पुढचं नाव घ्या."

पाठराबे काकांनी कानामागचं पेन काढलं. पट्टी ठेवून आईच्या नावावर नीट रेघ मारली. मग वर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "सौ. पार्वताबाई इंगोले."

आपलं नाव कानावर पडताच पार्वताबाई दचकल्या, पाय खाली घेतले आणि म्हणाल्या, "हजर."

तेव्हा सभागृह हसलं. पुढच्या दोन रांगा हसल्या, व्हरांडा हसला. पार्वताबाईसुद्धा हसल्या, कशाला ते न कळून. फक्त आई हसली नाही, आणि मुख्याधिकारी टेबलावरच्या कागदांकडं बघत राहिले.

मी काय करतेय ते मला कळायच्या आत मी कठड्यावर वाकले होते.

"पाठराबे काका, ठराव कोणी मांडला?"

या वेळी प्रश्न माझा होता. हसू थांबलं. काकांनी मान वर केली नाही, वही मिटली. अण्णा म्हणाले, प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, बाळ. मी पुन्हा विचारलं. शिपाई वर आला आणि त्यानं माझ्या दुखऱ्या कोपरालाच धरलं. त्या चार पायऱ्या उतरताना मी तिसऱ्यांदा विचारलं. दार बंद होताना ऐकू आलं, विषय क्रमांक पाच, आठवडी बाजारातील ओट्यांची रंगरंगोटी.

व्हरांड्यात पप्पा होते. ते माझ्याकडं एक पाऊल आले. मी त्यांच्या बाजूनं निघून गेले.

बाहेर पायऱ्यांवर नझमीन माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "काकूंनी केलं नव्हतं, ते कळलं मला."

मी म्हटलं, मग झालं तर.

"काय झालं? कुलूप तिथंच आहे, शर्वू. मार्च सहा महिन्यांवर आलाय." तिनं मूठ उघडली. कापूस घामानं चिकटून काळा झाला होता. "तुझी आई सुटली. मी कुठं बसू ते सांग."

मला तोपर्यंत वाटत होतं की आम्ही काहीतरी केलं. आई बोलली, मी बोलले, सगळ्यांनी ऐकलं. नझमीनच्या त्या एका प्रश्नानं माझ्या सगळ्या भाषणातली हवा काढली. मी सायकल काढली आणि तिला मागं बस म्हटलं. कुठं ते विचारू नकोस म्हटलं, कारण मलाही रेल्वे फाटकापर्यंत माहीत नव्हतं. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, आणि ती जाईपर्यंत माझं ठरलं.

दुर्गीला तिच्या घरून उचललं. तिनं काय करायचंय हे ऐकलं आणि म्हणाली, तुझे पप्पा तुला उभं सोलतील. मग चप्पल घालून आली.

आम्हाला दीड तास लागला. जनसंपर्क कार्यालयातलं टेबल आम्ही भिंतीला लावलं. आईचं शिवणकामाचं कापायचं टेबल आतून आणून त्याला जोडलं. बारा खुर्च्या समोरासमोर मांडल्या. पप्पांची फिरती खुर्ची दुर्गीनं ढकलत ढकलत ओट्यावर नेऊन ठेवली, तुळशीच्या कुंडीशेजारी. पप्पांनी अण्णांबरोबर हार घालून काढलेले फोटो मी उतरवून पालथे ठेवले. दारावरचा फ्लेक्स काढताना माझ्या कोपरातून कळ आली, पण तो मी नझमीनला काढू दिला नाही. तो आमच्याच घरानं लावलेला होता. नझमीन खाली उभी राहून खिळे गोळा करत होती आणि अजूनही तिचा विश्वास बसलेला नव्हता. मधेच म्हणाली, तुमच्या घरात भांडण नको. मी म्हटलं, भांडण आहेच.

पाच वाजता आई आली, चालत. पप्पांच्या गाडीवर बसली नव्हती. इस्त्रीची साडी चुरगळली होती. दारात थांबून तिनं खोली बघितली, खुर्च्या मोजल्यासारख्या बघितल्या, मग नझमीनला विचारलं, खाल्लंस का काही. ती आत गेली. परत आली ती स्टूल आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन. अण्णांच्या फोटोचा खिळा रिकामा होता, त्यावर तिनं घड्याळ टांगलं, दोन पावलं मागं होऊन सरळ आहे का बघितलं, आणि स्टुलावर बसली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच बसली असावी.

मग पप्पांची गाडी आली. त्यांनी आधी ओट्यावरची आपली खुर्ची बघितली, मग आम्हाला. रागानं त्यांचा आवाज चिरकत होता. सगळ्या गावासमोर माझं काय ठेवलंत तुम्ही दोघींनी, म्हणाले. अण्णा उद्यापासून दारात उभं करणार नाहीत. आणि हे काय मांडलंय? लोक कामं घेऊन येतील ते बसतील कुठं? मग त्यांनी आईकडं वळून विचारलं, "कुंदा, हे तू सांगितलंस हिला?"

"नाही," आई म्हणाली. "पण उद्या कोणी विचारलं तर माझ्या सहीनं लिहून देईन. वाचून."

पप्पा माझ्याकडं वळले. दुर्गी दारामागं सरकली. नझमीन निघायच्या बेतानं उभी राहिली, तिला मी हातानं खाली बसवलं.

"पप्पा, आई, दोघांनीही ऐका. हा ऐनवेळचा विषय आहे आणि मी परवानगी मागत नाहीये. उद्या सकाळी सहापासून नाक्यावरच्या सगळ्या मुली इथं अभ्यासाला बसतील. रोज, सकाळ-संध्याकाळ, नझमीनचा दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत. तुमची माणसं ओट्यावर बसतील. किल्ली माझ्याकडं राहील. कोणी विचारलं की हे कोणी ठरवलं, तर आईचं नाव सांगू नका, पार्वताबाईंचं तर नाहीच. माझं सांगा. शर्वरी खडतकर. मी हजर होते."